लायकी न विचारता

वडिलांनी दारू पिऊन आईला आयुष्यभर छळलं होतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून बसून मी थकून गेलो होतो. शेजारच्या खाटेवर शिरोलीच्या फाउंड्रीतला एक कामगार लकवा झालेल्या भावाला पेज भरवायचा. याच भावानं त्याला घरातून हाकललं होतं. एकदा भावानं पेज त्याच्या तोंडावर थुंकली. त्यानं आधी भावाचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

“दमत नाही का तुम्ही?” मी विचारलं.

“दमतो की, पावणं. पण येशूनं माझी लायकी बघून मला जवळ घेतलं न्हाय. मग मी ह्याची कशी बघू?”

एवढं बोलून तो भिंतीला टेकून पेंगू लागला.

दुपारी वडिलांनी पाणी मागितलं. मी त्यांच्या मानेखाली हात घातला. राग होताच, पण पाणी संपेपर्यंत हात काढला नाही.