हिंवाईच्या दगडावर नेलेली घोंगडी

आमच्या गावात देव पुष्कळ, आणि प्रत्येकाचं काही ना काही मागणं असायचंच. कुणाला नारळ लागे, कुणाला कोंबडा, कुणाला वर्षाची पालखी. हिंवाईचं तसं नव्हतं. तिला देऊळ नाही, गुलाल नाही, हळदकुंकू नाही. पाली गावाच्या वरच्या अंगाला आमचं गाव, गावावर उघडा कातळाचा सडा आणि सड्याच्या टोकाला, उतार सुरू होतो तिथे, एक काळा दगड. तीच हिंवाई. भात घरात आलं, देवदिवाळी झाली, की ती येते म्हणत आणि शिमग्याच्या आधी निघून जाते. पांढरं लुगडं नेसते, अनवाणी चालते आणि जिथे टेकते तिथलं संपतं. गवत संपतं, वहाळाचं पाणी संपतं, म्हातारी माणसं संपतात. तिला नारळ चालत नाही, कारण नारळाला कोंब फुटतो. भातसुद्धा लाह्या करूनच न्यायचं. पुन्हा उगवेल असं काही तिच्यापुढे ठेवायचं नाही.

मी लग्न होऊन त्या गावात आले ती सन तीसच्या आगेमागे. मला हिंवाईची भीती वाटायच्या आधी तिचा रागच आला. देव असून नुसतं घेते आणि देत काही नाही, ही कुठली रीत? असं मी एकदा बोलले, तर थोरल्या जाऊबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "गप गो. ती आली न्हाय तर आंब्याला मोहोर कुटनं यायचा?" मी त्यांना वयनी म्हणत असे. सासू नव्हती. सासरे, वयनी आणि मी, एवढंच घर. माझा नवरा मुंबईला गिरणीत. थोरले दीर बोटीवर भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले होते, ते मात्र माझ्या लग्नाआधीच हरवले होते.

हरवले म्हणजे काय, ते घरात कुणीच नीट सांगत नसे. मुंबईत चौकशी केली तेव्हा एवढंच कळलं होतं, की लांबच्या कुठल्याशा बंदरात ते उतरले आणि बोट सुटताना परत चढले नाहीत. भावकीनं त्याचा अर्थ केव्हाच लावला होता. वयनी लावत नव्हत्या. "उतरला म्हंजी मेला न्हवं," एवढंच म्हणत आणि कामाला लागत. कपाळावर भलं मोठं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. वायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, भात कांडताना नवऱ्याला अशा काही शिव्या घालत, की जणू तो पडवीत बसून ऐकतोय. "येऊ दे मेल्याला, ह्या वायनातच घालून कांडते," म्हणत आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. दिरांची एक घोंगडी होती, पालीच्या बाजारात धनगराकडून घेतलेली. दर थंडीत वयनी ती उन्हात टाकत, झटकत, घडी घालून पुन्हा माळ्यावर ठेवत. स्वतः जुनेरात कुडकुडत निजतील, पण ती अंगावर घेणार नाहीत.

पौषात हिंवाईला द्यायची रीत अशी. त्या वर्षात घरातलं जे संपलं असेल, त्याची एखादी खूण दगडावर नेऊन ठेवायची. बैल मेला तर त्याचं दावं, म्हातारा गेला तर त्याची काठी, नाहीच काही तर झिजलेली केरसुणी. ज्याचं जवळचं माणूस किंवा जनावर, त्यानंच ठेवायचं आणि म्हणायचं, "हिंवाई माय, आमच्याकडचं ह्ये सरलं. तुजं तुला." मग सगळ्यांनी पाठ फिरवून घरी यायचं. मागे वळून बघायचं नाही आणि उंबऱ्याच्या आत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. वळून बघितलं तर ती त्याच पावली मागे येते. नवरा गेलेल्या बाईनं दगडावर त्याची वस्तू ठेवायची आणि सगळ्यांची पाठ फिरली की तिथेच बांगड्या फोडायच्या. पुढे चालणाऱ्यांनी तो आवाज ऐकायचा आणि चालत राहायचं.

दिरांचं काही आमच्या घरातून दगडावर गेलं नव्हतं. सासऱ्यांना ते खात होतं. देवाचं राहिलं की देव हातानं घेतो, असं ते येताजाता पुटपुटत. तरी सुनेला तोंडावर बोलायचा त्यांना धीर होत नसे.

माझा पोरगा दोन वर्षांचा झाला, त्या थंडीत त्याला हिंवताप आला. दिवसाआड भर दुपारी दात वाजायला लागत. घरातली होती नव्हती ती पांघरुणं घातली, तरी पोर पानासारखं थरथरत होतं. माझं तर डोकंच चालेना, नुसती रडत बसले. वयनी उठल्या, माळ्यावरनं ती घोंगडी काढली आणि त्याच्यावर घातली. वर स्वतः आडव्या होऊन त्याला पोटाशी धरलं. घटकाभरानं त्याला घाम फुटला. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात सासरे शेतावरून आले.

मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घोंगडी ओढून काढली आणि ओरडले, "मेलेल्याचं पांघरून जित्या पोरावं घालतंस? तिचं हाय ते! आता ती त्याला न्ह्यायला येल!"

वयनी उठून बसल्या. "मेला न्हाय तो."

"वयनींच्या घोंगडीतच त्याला घाम आला, मामंजी," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वयनी पालीला चालत गेल्या आणि तेव्हा डाकघरात मिळायच्या त्या तापावरच्या कोयनेलच्या पुड्या घेऊन आल्या. सासरे गेले गुरवाकडे. गुरवानं ग्रामदेवतेच्या अंगावर दोन बाजूंना कळ्या चिकटवून कौल लावला, थोरल्याचं हिंवाईला द्यायचं का? उजवी कळी पडली. म्हणजे द्यायचं. भावकी जमली. कुणी वयनींना शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. सगळे एवढंच म्हणत होते, की पोराचा जीव मोठा की तुझं कुंकू? हे माझ्याच पोराच्या नावानं चाललेलं. मी म्हटलं, पोर माझं आहे आणि मला हे नको. तर एक चुलत सासू म्हणाली, "तुला काय कळतंय, कालची पोर तू." शेवटी वयनीच म्हणाल्या, "चला, मी येतंय."

सकाळी निघालो. सड्यावर सुकलेलं गवत दंवानं ओलं होतं, पायाला झोंबत होतं. पोराला शेजारणीकडे ठेवलं होतं. पुढे सासरे आणि गुरव, मागे भावकीतल्या चार बायका, मध्ये वयनी. खांद्यावर घोंगडी. कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं होतं. मला वाटत होतं, तो दगड उचलून कड्याखाली टाकून द्यावा.

दगडापाशी सासऱ्यांनी लाह्या ठेवल्या आणि बाजूला झाले. वयनी पुढे गेल्या. घोंगडी त्यांनी खांद्यावरून काढली नाही. दगडावर उजवा हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हिंवाई माय, ह्या घरातलं माजं दानापानी सरलं. तुजं तुला."

गुरवानं सासऱ्यांकडे बघितलं. पण शब्द दगडापुढे उच्चारून झाले होते. ते परत घेता येत नव्हते, आणि आता कुणाला बोलताही येत नव्हतं. ती रीत आमचीच होती. मग पहिल्यांदा सासऱ्यांनीच पाठ फिरवली.

आम्ही चालू लागलो. काच फुटल्याचा आवाज येतो का, म्हणून सगळ्यांचे कान मागे. तो आला नाही. आला तो बांगड्यांचा किणकिणाट, सावकाश, पलीकडच्या उताराला लागलेला, समुद्राच्या बाजूला. वयनींचं माहेर तिकडे, मालगुंडच्या अंगाला. मला धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडायचं होतं. शेजारणीकडे तापानं निपचित पडलेलं पोर आठवलं आणि मी मान ताठ धरून चालत राहिले. रडू गालांवरून खाली येत होतं, ते पुसलं नाही. आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

पोरगा बरा झाला. गाव म्हणाला, हिंवाईला तिचं मिळालं. मी म्हटलं, पुड्या वयनींनी आणल्या होत्या. ते कुणी ऐकलं नाही. दगडावर घोंगडी नाही म्हटल्यावर देवीनं ती नेली असंही ठरून गेलं. वयनींना आणायला कुणी गेलं नाही. जे हिंवाईला सरलं म्हणून सांगितलं, ते परत घरात कसं आणायचं?

वर्षाकाठी एक कासार यायचा, किनाऱ्याकडची गावं करून. मला बांगड्या भरताना एकदा म्हणाला, "तुमच्या जाऊबाई माझ्याकडंच भरतात. हिरव्याच. त्यांच्या कुंपणाच्या वयीवर एक घोंगडी वाळत घातलेली असते." पडवीत सासरे सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला, मग पुन्हा चालू झाला.

त्यानंतर काही वर्षांनी, पौषातच, सासरे अंथरुणाला खिळले. संध्याकाळी त्यांना थंडी भरली. मी होती ती वाकळ घातली, तरी दात वाजतच होते. म्हणाले, "थोरल्याची घोंगडी घाल गो."

मी म्हटलं, "ती वयनींकडं हाय, मामंजी. मानूस पाठवून आनू?"

त्यांनी वाकळच हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "नुको. ऱ्हाऊ दे तिकडंच. तो आला म्हंजी त्येला थंडी वाजंल."