बिनतिकीट तिसरा अंक

पेर्म शहरातल्या ट्रामच्या फुकट्यांना अवगुस्ता पावलोव्ना कोलेगोवाचं नाव पाठ होतं. ती तिकीट तपासनीस. बुटकी, रुंद, डोक्यावर राखाडी लोकरी टोपी, आणि आवाज असा की तो ऐकूनच माणसानं चालत्या ट्राममधून उडी टाकावी. तीस वर्षांत तिनं एकाही बिनतिकिट्याला सोडलं नाही. धाकट्या दिराला तिनं त्याच्या लग्नाच्या दिवशी, कोटाला फूल लावलेल्या अवस्थेत दंड केला. शेजारी बसलेली नवरी रडायला लागली. अवगुस्तानं तिला रुमाल दिला आणि पावती फाडली.

अशी बाई बॅलेच्या नादी लागली ती सँडविचपायी. सत्तावन्न साली डेपोच्या युनियननं सगळ्यांना थिएटरची तिकिटं सक्तीनं वाटली. तिथल्या उपाहारगृहात सॉसेजचं सँडविच मिळतं एवढं ऐकून ती गेली, दोन खाल्ली, आणि घरी निघाली. पण कोट ठेवून घेणारी बाई जागेवर नव्हती. मार्च महिन्यात पेर्ममध्ये कोटाशिवाय घरी जाणं म्हणजे आत्महत्याच, म्हणून ती नाइलाजानं सगळ्यात वरच्या गॅलरीत जाऊन बसली. खाली रंगमंचावर एल्विरा तारखानोवा नावाची अठरा वर्षांची पोरगी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नुसती धावत गेली. ट्राममागे धावणारी हजारो माणसं अवगुस्तानं पाहिली होती, अशी धावलेली एकही नव्हती. त्या दिवसापासून तारखानोवा नाचते आहे आणि अवगुस्ता गॅलरीत नाही, असं चोवीस वर्षांत झालं नाही. नवरा तीखोन दोनदा बरोबर आला, दोन्हीदा झोपला, आणि दुसऱ्या वेळी घोरला. तिसऱ्यांदा त्याला कुणी विचारलंच नाही.

रिम्मा लव्होव्ना वेक्शिना तिला भेटली एकसष्ट साली, आणि तीही भांडणातून. अवगुस्ता डोळे भरून तारखानोवाकडे बघत होती. मागच्या रांगेतून आवाज आला, "काय ते हात! भांडी विसळतेय की काय ही?"

अवगुस्ता वळली. "तुमच्या घरची भांडी तरी घासलेली आहेत का?"

मध्यंतरभर दोघी कडाकडा भांडल्या आणि तिसऱ्या अंकाला एकाच दुर्बिणीतून बघत बसल्या. रिम्मा शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. उंच, हडकुळी, जाड चष्म्याची. तारखानोवाला ती आईनं पोरीला घालाव्यात तशा शिव्या घालायची, पण दुसऱ्या कुणी एक शब्द काढला की त्याची खैर नसे. वीस वर्षांत त्या दोघींचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नाही, आणि एकही संध्याकाळ एकीनं दुसरीवाचून काढली नाही.

गॅलरी म्हणजे एक वेगळंच गाव होतं. त्यात दोन तट. एक तारखानोवाचा, दुसरा तिच्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या एका नर्तकीचा. दुसऱ्या तटाचे पुढारी गेन्रिख ओट्टोविच, दातांचे डॉक्टर. विरुद्ध तटाच्या माणसाची दाढ ते मुद्दाम सावकाश कोरतात, अशी बोलवा होती. तरीही अवगुस्ता त्यांच्याकडेच जायची, कारण कोरता कोरता बोलायला त्यांच्याइतका जाणकार माणूस शहरात नव्हता.

आणि या गावचा कायदा म्हणजे यादी. तिकिटं कमी, माणसं फार, म्हणून विक्री सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी लोक यादीत नाव घालत. तळहातावर शाईच्या पेन्सिलीनं नंबर. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला थिएटरसमोरच्या बागेत हजेरी. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. एका हजेरीला चुकला की नाव खोडलं, पुन्हा शेवटून सुरुवात. यादीची वही एकोणीस वर्षं अवगुस्ताकडे होती, आणि ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. नोन्ना शिलोवा नावाची नर्स एका हजेरीला बाळंतपणामुळे चुकली, तेव्हा अवगुस्तानं तिचं नाव खोडून वर सुनावलं होतं, "बाळंतपणाची तारीख नऊ महिने आधी कळते. कुणाला तरी सांगून ठेवायचं."

एक्याऐंशीच्या वसंतात पाटी लागली: एल्विरा तारखानोवा यांचा निरोपाचा प्रयोग, एकच संध्याकाळ. यादीत एकशे चाळीस नावं झाली. एक नंबर अवगुस्ता, दोन गेन्रिख ओट्टोविच, तीन रिम्मा. रिम्मानं नवा झगा शिवायला टाकला. "आयुष्यात दोनच वेळा शिवला," ती म्हणाली. "पहिल्या वेळी लग्न होतं, ते टिकलं नाही."

एक एप्रिलला सकाळी सहा वाजता, बागेत अजून गुडघाभर बर्फ असताना, अवगुस्तानं पुकारलं, "तीन! वेक्शिना!"

तिनं वहीतून मान वर केली.

"वेक्शिना!"

"येईल हो," गेन्रिख ओट्टोविच म्हणाले. "पाच मिनिटं थांबू या."

गर्दीतून नोन्नाचा आवाज आला, "माझ्या वेळी नव्हतात थांबला."

ती काही लागट बोलली नव्हती, खरं तेच बोलली होती. अवगुस्तानं दहापर्यंत आकडे मोजले, फार सावकाश मोजले. मग पेन्सिल काढली. सगळे बघत होते. तिनं रेघ नेहमीपेक्षा जाड ओढली.

सात वाजता रिम्मा थर्मास घेऊन आनंदात आली. बाग रिकामी. बाकावर एकटी अवगुस्ता, कामाला उशीर करून बसलेली.

"हजर! सहाला दोन कमी. बाकीचे मेले कुठे?"

"सात वाजलेत, रिम्मा."

"चल गं. आज एक एप्रिल आहे, मला ठाऊक आहे."

"रात्री घड्याळं एक तास पुढे केली. सगळ्या देशाची. यंदापासून उन्हाळ्यात असंच."

"सगळ्या देशाची?"

"रेडिओवर सांगितलं ना!"

"ते ऐकलं मी. म्हटलं एप्रिल फूल करताहेत. विनोद जरा बोजड वाटला, पण सरकारी विनोद असायचाच तसा."

"अगं, गेल्या वर्षापासून पेपरात येतंय!"

"पेपरात मी थिएटरची जाहिरात तेवढी वाचते. तूही तेच करतेस."

हे खरं होतं. अवगुस्ताला डेपोत सांगितलं नसतं तर तीही सातलाच आली असती.

"म्हणजे खोडलंस मला?" रिम्मानं विचारलं.

"खोडलं."

रिम्मानं थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला आणि एकटीच प्यायली. वीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं. अवगुस्ताला रडू आलं, पण रडली असती तर आपलं चुकलं असं झालं असतं, म्हणून ती कामावर गेली आणि त्या सकाळी तिनं ट्राममध्ये चौदा जणांना दंड केला.

संध्याकाळच्या हजेरीला रिम्मा हातावर एकशे एक्केचाळीस नंबर घेऊन सगळ्यांच्या मागे उभी होती. अवगुस्तानं वही उघडली. "दोन!"

"थांबा," रिम्मा म्हणाली. "एक नंबर कुठाय?"

"एक नंबर मी."

"हजर म्हणालीस?"

"मी वाचतेय म्हणजे हजरच असणार ना, शहाणे!"

"नियम वाच. पहिल्या पानावर तुझ्याच अक्षरात आहे. नाव पुकारायचं, माणसानं हजर म्हणायचं, मग खूण करायची. एकोणीस वर्षांत एक नंबरनं एकदाही हजर म्हटलेलं नाही. मी मागे उभी राहून ऐकतेय."

बागेत हसू फुटलं. मग कुणी हसेनासं झालं, कारण अवगुस्ता खरोखरच पहिलं पान वाचत होती.

"जाऊ द्या हो, अवगुस्ता पावलोव्ना," गेन्रिख ओट्टोविच म्हणाले. "ती रागात बोलतेय."

"रागात बोलतेय, पण बरोबर बोलतेय." तिनं स्वतःच्या नावावर रेघ ओढली, वही डॉक्टरांच्या हातात कोंबली, "चालवा" म्हणाली आणि जाऊन रिम्माच्या मागे उभी राहिली. एकशे बेचाळीस.

"झालं समाधान?"

"थोडं," रिम्मा मान न वळवता म्हणाली. "तू आत आणि मी बाहेर, हे मला सहन झालं नसतं. आता दोघी बाहेर."

"हा शुद्ध दुष्टपणा आहे."

"आहेच. मी कुठे नाही म्हणतेय?"

तिकिटं चौऱ्याण्णव नंबरला संपली. तीन दिवस दोघी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी रिम्मा ट्राम डेपोत आली. टॉवेलात गुंडाळलेले, चावताच रस अंगावर उडतो असे तळलेले, मटण भरलेले छोटे कानवले, म्हणजे पेर्मचे पोसिकुंचिकी, तिनं टेबलावर ठेवले.

"भांडण चालूच आहे," ती म्हणाली, "पण हे गरम आहेत."

अवगुस्तानं पाच खाल्ले. "तुझ्यावाचून आत बसले असते, तरी मला काही दिसलं नसतं," ती म्हणाली, आणि तोंड पुसायच्या निमित्तानं डोळेही पुसले.

प्रयोगाच्या संध्याकाळी दोघी ट्रामच्या थांब्यापासून थिएटरच्या पायऱ्यांपर्यंत दिसेल त्याला "जादा तिकीट आहे का?" विचारत फिरल्या. कुणाकडे नव्हतं. दारं बंद झाली. आतून वाद्यं लावल्याचा आवाज आला. रिम्मा नव्या झग्यावर जुना कोट घालून आइस्क्रीमच्या टपरीशी उभी राहिली. "आता हिला पुन्हा शिव्या घालायला मिळणार नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा अवगुस्ताला बघवेना.

पहिल्या मध्यंतरात गेन्रिख ओट्टोविच सिगरेट ओढायला बाहेर आले आणि थेट त्यांच्याकडे चालत आले.

"दुसऱ्या मध्यंतराला आत या. कोट काढून, हातात सिगरेट घेऊन. या थंडीत कोट नसलेला माणूस आतूनच आलेला असतो, त्याला कुणी तिकीट विचारत नाही."

"बिनतिकीट?" अवगुस्ता म्हणाली. "मी?"

"तू थांब इथे," रिम्मा म्हणाली. "मी बघून येते आणि उद्या तुला सगळं सांगते."

अवगुस्तानं कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली.

दोघींनी कोट आइस्क्रीमवालीकडे दिले. "साठीला टेकल्यात आणि बर्फात उघड्या पडताहेत," ती म्हणाली. दुसऱ्या मध्यंतराला, दातांवर दात वाजत असताना, दोघी ओढणाऱ्यांच्या घोळक्यात शिरल्या. रिम्मानं डॉक्टरांची सिगरेट उलट्या बाजूनं पेटवली. घंटा झाली, घोळका आत सरकला. दारावरच्या म्हाताऱ्या बाईनं अवगुस्ताला बरोबर हेरलं.

"अवगुस्ता पावलोव्ना! तुम्ही कधीपासून ओढायला लागलात?"

"आजच. फार दुःख झालंय."

"व्हायचंच," म्हातारी म्हणाली आणि तिनं दुसरीकडे तोंड केलं.

वर गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या खांबामागे दोघी कशाबशा मावल्या, पण बघायला फट होती ती एकाच डोक्यापुरती. त्यांनी आळीपाळी ठरवली. थोडा वेळ एकीनं बघायचं आणि कुजबुजून सांगायचं, मग दुसरीनं. रिम्मा सांगत होती, "पाठ छान. मान ठीक. बाई थकलीय गं."

मग ती जागा जवळ आली. तिसऱ्या अंकात जोडीदार हात सोडतो, आणि तारखानोवा एका पावलाच्या टोकावर आधाराशिवाय आठ मात्रा उभी राहते. गेल्या वर्षभर तिचा गुडघा दुखत होता, हे अख्ख्या गॅलरीला ठाऊक होतं.

पाळी रिम्माची होती. ती बाजूला झाली. "तू बघ."

"पाळी तुझी आहे."

"माझ्यानं नाही बघवणार. तू बघ आणि मला सांग." तिनं डोळे घट्ट मिटले.

अवगुस्तानं फटीला डोळा लावला. जोडीदारानं हात सोडला. एक, दोन, तीन. चौथ्याला गुडघा थरथरला, टाच खाली आली, आणि तारखानोवानं जोडीदाराचं मनगट पकडलं. वाद्यं थांबली नाहीत, पुढे गेली. सगळं थिएटर गप्प झालं. खाली पुढच्या खुर्च्यांत बसणारे एरवी चुकलेल्यालाही टाळ्या देतात. गॅलरी देत नाही.

"किती?" रिम्मानं विचारलं.

अवगुस्तानं आयुष्यात कुणाला चुकीचा आकडा सांगितला नव्हता.

"आठ," ती म्हणाली.

"आठ?"

"पूर्ण आठ."

रिम्माला ते संगीत सुरासुरानं पाठ होतं. आठ पूर्ण झाल्या असत्या तर गॅलरी अशी गप्प नसती, हे तिला मिटल्या डोळ्यांनीही कळत होतं. मग तिनं छाती भरून श्वास घेतला आणि त्या शांततेत, वर्गातल्या शेवटच्या बाकालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ब्राव्हो!"

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. रिम्मा लव्होव्ना फुकटची दाद देत नाही, हे तिच्या शत्रूंनाही माहीत होतं. दुसरा आवाज आला तो पलीकडच्या तटातून, गेन्रिख ओट्टोविचांचा. मग नोन्नाचा. मग सगळी गॅलरी उठली, पाय आपटू लागली, आणि खाली तारखानोवानं मान वर करून तिकडे पाहिलं. इतकी माणसं आपल्याबरोबर एका सुरात धडधडीत खोटं बोलताहेत, हे अवगुस्ताला स्वच्छ कळत होतं. तिनं रिम्माचा गार पडलेला हात धरला आणि घसा बसेपर्यंत तीही ओरडत राहिली.