रायफलवाल्यांचं रिव्हॉल्व्हर आणि नाईक शौकत

कतारमधलं माझं पोस्टिंग सिव्हिलियन होतं. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, दोन वर्षं पोलादपूरला घरात बसून बायकोचं डोकं खाल्लं, आणि मग एका शूटिंग क्लबात रेंज इन-चार्ज म्हणून लागलो. क्लब दोहाच्या उत्तरेला, मदिनत अश शमालच्या रस्त्यावर. 0530 ला रेंज झाडायची, 0600 ला टार्गेट, 0630 ला लाल झेंडा वर. वर्षभरानं मी नाईक शौकतला रेंजवर कामाला बोलावून घेतलं. तो माझ्या शब्दावर आला. हे आधीच सांगून टाकतो, मागून कुणी विचारायला नको.

शौकत श्रीवर्धनचा. पलटणीत मी वेपन ट्रेनिंगचा उस्ताद, आणि तो माझ्या हाताखाली तयार झालेला एलएमजी नंबर वन, म्हणजे मशीनगन चालवणारा. हत्यार चालता चालता रुकलं की जे करायचं त्याला फौजेत फौरी इलाज म्हणतात. कॉक, सिस्त, फायर: खटका ओढा, नेम धरा, गोळी सोडा. विचार करायचा नाही. विचार करणारा मरतो, असं मी पोरांना घसा फाडून सांगायचो. डोळ्यांवर पट्टी बांधून करून घ्यायचो. शौकतकडून तर इतक्या वेळा करून घेतलं की त्याच्या अंगठ्याला घट्टा पडला.

कुपवाड्याच्या एका चढावर त्याची गन रुकली, तेव्हा मी त्याच्या पुढे बारा पावलांवर उघड्यावर होतो. दोन सेकंदांत गन पुन्हा बोलायला लागली. तिसरा सेकंद लागला असता तर हे लिहायला मी नसतो.

गोष्ट 2003 ची. क्लबातल्या बऱ्याच मेंबरांकडे एकाच परदेशी कंपनीच्या रायफली होत्या. नाव लिहीत नाही. रायफल सोन्यासारखी, त्यात वाद नाही. त्या कंपनीनं आयुष्यात पहिल्यांदा रिव्हॉल्व्हर काढलं. एक नमुना क्लबात आला आणि महिनाभर दुसरा विषय नाही. घ्यायचं की नाही?

अबू खालिद म्हणून म्हातारे कतारी मेंबर होते. ससाणे पाळायचे, हिंदी झकास बोलायचे. त्यांचं म्हणणं, उंट चांगला वाढवणाऱ्याच्या बकऱ्याही चांगल्या असतात असं थोडंच आहे. रास लफानच्या गॅस प्लांटवरचे देशपांडेसाहेब मूळ पुण्याचे. आजोबांची लायसन्सची रायफल घरी, त्यामुळे बंदुकीतलं सगळं आपल्यालाच कळतं अशी खात्री. ते म्हणायचे, ज्याला तीनशे मीटर मारणारी नळी जमते त्याला हे खेळणं का जमू नये? उचलली जीभ लावली टाळ्याला. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. उस्ताद, तुम्ही सांगा.

मी हत्यार खोललं. घोडा, नळी, गोळ्या भरायचं चक्र, सगळं तपासलं. काम चोख होतं. सोबतची इंग्रजी पुस्तिकाही वाचली. एका पानावर चौकटीत छापलं होतं: गोळी सुटली नाही तर तीस सेकंद थांबा, नळी टार्गेटकडेच ठेवा, घोड्याला हात लावू नका. कारण सरळ आहे. रायफल कॉक केली की फुसका राउंड बाहेर पडतो. रिव्हॉल्व्हर कॉक केलं की तो राउंड आतच राहतो, फक्त नळीसमोरून बाजूला सरकतो. आणि तो उशिरानं पेटला, तर त्याला बाहेर जायला वाट नसते.

हे मला कळलं. मी पान उलटलं. शौकतला सांगितलं नाही. सतरा वर्षं हत्यार धरलेल्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं. माझा माज, दुसरं काही नाही.

गुरुवारी 1600 ला डेमो ठेवला. घोडामैदान जवळच आहे, बघा आणि ठरवा, असं मी मेंबरांना म्हणालो. राउंडांचा डबा अबू खालिद यांच्या गाडीतला. तो उन्हाळाभर त्या भट्टीत पडून होता, हे नंतर कळलं. शौकत फायरिंग पॉइंटवर गेला. हे हातात भरतच नाही, लहान पोराचा हात धरल्यागत वाटतं, असं म्हणून हसला. तीन राउंड, तिन्ही टार्गेटच्या काळ्यात. देशपांडेसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

चौथ्याला नुसतं टक् झालं.

शौकतचा अंगठा घोड्यावर गेला. कॉक. मी 'थांब' म्हणालो की नुसतं तोंड उघडलं, मला आजही सांगता येत नाही. हत्यार त्याच्या हातात फुटलं.

चक्राचा तुकडा जबड्याखाली गळ्यात शिरला होता. मी फील्ड ड्रेसिंग दाबलं आणि वॉकीवर बोललो.

"कंट्रोल, रेंज वन. एक कॅज्युअल्टी, गळ्याला. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"रेंज वन, पंचवीस मिनिटं लागतील. ओव्हर."

"पंचवीस मिनिटं नाहीत माझ्याकडे."

अबू खालिद यांनी लँडक्रूझर थेट फायरिंग पॉइंटवर आणली. यल्ला, यल्ला, म्हणजे चला, एवढंच बोलत होते. मी मागच्या सीटवर, शौकतचं डोकं मांडीवर. दोन्ही हातांनी दाबूनही रक्त बोटांमधून येत होतं. मी देवाचं नाव घेतलं, अल्लाचंही घेतलं. जे आठवेल ते घेतलं. रस्ता सरळ होता आणि संपत नव्हता.

शौकतनं डोळे उघडले. "उस्ताद, ड्रिल चुकली काय माझी?"

"नाही. बरोबर केलीस."

1631 ला नाडी थांबली. हॉस्पिटल अजून दहा किलोमीटर होतं.

त्याच्या घरी फोन मीच केला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तुम्ही होतात ना जवळ?" होतो, म्हणालो. घरच्यांच्या संमतीनं दफन तिथंच झालं. मी तीन मुठी माती दिली.

पुढच्या आठवड्यात मेंबर पुन्हा बसले. अबू खालिद खाली मान घालून होते. बाकीच्यांचं म्हणणं, कंपनी नुसती नावाची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. देशपांडेसाहेब म्हणाले, हत्यारात दोष नाही, चालवणारा चुकला. मॅनेजरनं छापील रिपोर्ट पुढे केला. कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटर एरर' लिहा आणि खलास. म्हणजे शौकतच्या नावावर कायमचा डाग. कंपनीवर ढकललं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं, पण ते खोटं होतं.

मी लिहिलं: "हत्यार ठीक. राउंड उन्हात खराब झालेला. नाईक शौकतनं शिकवलेली ड्रिल अचूक केली. ती ड्रिल या हत्याराला चालत नाही, हे इन-चार्जला माहीत होतं. त्यानं सांगितलं नाही." खाली सही, नंबर, रँक. महिन्याभरात मला घरी पाठवलं. रिव्हॉल्व्हर कुणी मागवलं की नाही, मी विचारलं नाही.

दिवाळीत नातवंडं फटाके उडवतात. एखादा फुसका निघाला की वातीकडे धावतात. मी कॉलर धरून थांबवतो आणि तीसपर्यंत मोठ्यानं मोजायला लावतो. आजोबा सटकलेत, असं सूनबाई म्हणते. म्हणू दे.

नाईक शौकत, एलएमजी नंबर वन, श्रीवर्धन. त्याला मी सगळं शिकवलं. हे तीस आकडे तेवढे राहिले.