दाखल्याच्या बदल्यात एक दिवस

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेतून घरी पाठवलं तेव्हा ती सहावीत होती आणि मी बारावी नापास होऊन घरी बसले होते. तिला मिरगीचे झटके येत. एकदा ती वर्गात पडली तेव्हा शुद्धीवर यावी म्हणून कुणीतरी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. पोरांना त्यात एवढी मजा वाटली, की पुढे झटका नसतानाही पोरं मागून येऊन तिला चप्पल हुंगवू लागली. हेडमास्तर पोरांना काही बोलले नाहीत. त्यांनी अब्बांना बोलावून घेतलं.

"बाकीच्या पोरी भेतात हिले. घरीच ठेवा."

अब्बा कोरपन्यात गाद्या-रजया भरून विकत. त्यांच्या भुवयांना कायम कापूस चिकटलेला असे. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगी हुशार आहे."

"मंग घरी शिकवा ना. कोण नाई म्हणते?"

घरात मराठी पुस्तकं वाचता येणारी मीच होते, म्हणून मीच तिला शिकवायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही, आणि त्याचा राग मी तिच्यावर काढला.

पण घरी शिकवणं सरकारला चालतं का, हे अब्बांना कळेना. मला घेऊन ते पंचायत समितीत गेले. शिक्षण विभागातला बाबू भला होता. तो म्हणाला, "चाचा, घरी शिकवलं म्हणून कोणी पकडून नेत नाई. पण त्या शिक्षणाले कागद नाई. दहावी बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरा लागते, अन् त्याले शाळा सोडल्याचा दाखला पाह्यजे. तो पहिले काढून घ्या."

आम्ही तिथून सरळ शाळेत गेलो. हेडमास्तर हसले. "दाखला कायले? राहू द्या ना नाव. आम्ही काढून राह्यलो का?"

खरं कारण शाळेच्या शिपायाने सांगितलं. पट थोडा जरी घसरला असता, तरी एका मास्तरची बदली होणार होती. म्हणून माझी बहीण हजेरीपटावर रोज हजर होती. ती एकही पेपर न लिहिता सातवीत गेली, मग आठवीत.

घरी मी तिला दुपारी शिकवत असे. धडा मराठीत आणि शिव्या हिंदीत. उत्तर चुकलं की लाकडी पट्टी बोटांच्या पेरांवर. पाढे अडले की जेवण उशिरा. एकदा अपूर्णांक करता करता ती आडवी झाली. अभ्यास टाळायला नाटक करते आहे असं मला वाटलं. मी पट्टीने मारत राहिले. तिच्या तोंडातून फेस आला तेव्हा थांबले. शुद्धीवर आल्यावर तिने हातावरचे वळ पाहिले आणि मला विचारलं, "आपा, मैं गिरी थी क्या?" मी हो म्हटलं. पडल्याने लागलं असं अम्मीला सांगितलं. बहिणीनेही तेच खरं मानलं असावं, किंवा तसं दाखवलं.

ती आठवीच्या पटावर असताना शाळेची तपासणी लागली. आदल्या सकाळी हेडमास्तर घरापुढच्या आमच्या दुकानात आले. पहिल्यांदाच.

"उद्या एक दिवस पोरीले पाठवा. साहेब डोकी मोजणार हायेत."

अब्बा काही बोलायच्या आत मी म्हणाले, "दाखला देता का?"

"परवा ये अन् घेऊन जा."

बहिणीने ऐकलं होतं. ती चुलीमागे जाऊन बसली. "आपा, मुझे नक्को भेजो." अम्मी म्हणाली, राहू दे. मी तिला दंडाला धरून उठवलं, जुना गणवेश उसवून तिच्या मापाचा केला, आणि सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत ओढत नेलं. फाटकाशी तिने माझी ओढणी पकडली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

संध्याकाळी ती एकटीच परत आली. चेहऱ्यावर नाकापासून गालापर्यंत धूळ होती, चपलेच्या तळाची नक्षी तीत स्पष्ट दिसत होती. साहेब जाईपर्यंत पोरांनी दम धरला होता. अब्बांनी तिचं तोंड धुतलं. तिने कुणाचं नाव सांगितलं नाही आणि ती रडलीही नाही.

दाखला मला मिळाला. पुढे सतरा नंबरच्या फॉर्मसोबतच्या प्रतिज्ञापत्रात शाळा सोडण्याचं कारण लिहायचं होतं. मी 'घरगुती अडचण' असं लिहिलं. खाली अब्बांनी सही केली.

राजुऱ्याच्या केंद्रावर तिने परीक्षा दिली आणि पहिल्याच प्रयत्नात पास झाली. अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. सगळे माझं कौतुक करत होते, आपाने घरी शिकवून दहावी काढली म्हणून. मी तिच्या तोंडाजवळ पेढा नेला. तिने तो हातात घेतला आणि ताटलीत परत ठेवला.

"अब मुझे कुछ नक्को सिखाना," ती म्हणाली.

आज माझ्याकडे गावातली पंचवीस-तीस पोरं शिकवणीला येतात. बहीण दोन गल्ल्या पलीकडे दिली आहे. तिची मुलगी गणितात कच्ची आहे, असं अम्मी सांगते. ती मुलगी माझ्या दारावरून दुसऱ्या मॅडमकडे जाते.