शेजारणीला विचारलेले प्रश्न

लग्नानंतर आम्ही फणसवाडीत दोन खोल्यांत राहत होतो. हे शाळेत मास्तर, नोकरी सांभाळून एम.एड. करत होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. जिन्यातल्या भिंतींवर घोषणा रंगवलेल्या, आणि आमच्या घरात मात्र मानसशास्त्र. माणसं अंतर्मुख असतात, बहिर्मुख असतात, आणि कोण कसं ते प्रश्नावलीवरून ताडता येतं, असं हे जेवताना समजावून सांगायचे. इंग्रजी पुस्तकातली अशी एक प्रश्नावली त्यांनी मराठीत केली. 'मूडी'ला काय म्हणू, असं त्यांनी मला विचारलं. कणीक मळता मळता मी म्हटलं, "लहरी." त्यांनी ते लिहून घेतलं, तेव्हा केवढा अभिमान वाटला मला!

मग उत्तरं द्यायला माणसं हवी होती. पुरुष शाळेतले मिळाले. बायकांत पहिली आली आमची शेजारीण. ती टेलिफोन ऑफिसात नोकरी करायची, लग्न न करता आईला सांभाळायची. मोर्चा असला की वाडीतल्या बायकांना गोळा करून पुढे निघायची आणि घोषणांनी आवाज बसला तरी हसत परत यायची. मला ती आवडायची. त्या रविवारपर्यंत.

प्रश्न लोकांना कळतात की नाही हे बघायचं, म्हणून हे मोठ्याने वाचत होते. मी आत पोहे करत होते.

"अनोळखी माणसांत तुम्ही लगेच मिसळता का?"

"हो! न मिसळून कसं चालेल?"

"विनाकारण उदास वाटतं का?"

ती हळू म्हणाली, "हो लिहा. पण आईला कळू देऊ नका, मास्तर."

"इथलं कुठे जात नाही," हे म्हणाले. इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी बशा घेऊन बाहेर गेले तर दोघंही गप्प झाली. माझ्याच घरात मी आगंतुक.

ती गेल्यावर हे म्हणाले, "बहिर्मुख आहे, पण आतून हळवी." पुढच्या मोर्चाला ती घोषणा देत निघाली तेव्हा हे गॅलरीत उभे राहिले. सगळी चाळ मोर्चा बघत होती. मी यांचा चेहरा बघत होते.

शेवटी विचारलंच, "माझी प्रश्नावली का नाही भरून घेतलीत?"

"अगं, घरच्या माणसाची उत्तरं खरी येत नाहीत. आणि तुझं मला ठाऊक आहे की. अंतर्मुख. शांत. समाधानी."

समाधानी! मी जाऊन ती बसली होती त्याच खुर्चीवर बसले. "विचारा."

हसत हसत त्यांनी कागद उचलला. "अनोळखी माणसांत तुम्ही लगेच मिसळता का?" कागदावर होतं म्हणून का होईना, ते मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाले.

"हो."

"तू?"

"तुम्ही शाळेत असता तेव्हा बोहारणीपासून पलीकडच्या चाळीपर्यंत सगळ्यांशी बोलते मी."

ते पुढे वाचू लागले. "विनाकारण उदास वाटतं का?"

"नाही. कारण असतं."

"तसं उत्तर चालत नाही. हो किंवा नाही."

"मग हो."

त्यांची पेन्सिल थांबली. "काय कारण?"

"तिचा मत्सर वाटतो मला."

"अगं, मी नुसते प्रश्न विचारले तिला!"

"तेच तर. मला कुणी विचारले?"

त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग पुन्हा उचलला आणि एकही प्रश्न न गाळता शेवटपर्यंत विचारत गेले. बेरीज केली तर मी ना इकडची ना तिकडची, मध्येच कुठेतरी. बहुतेक माणसं मध्येच असतात, हे म्हणाले. दोन कप्पे आपण सोयीसाठी केलेले, आणि लोक उत्तरंही आपण जसं दिसावं असं वाटतं तशी देतात. माझा कागद त्यांनी प्रबंधात घेतला नाही.

मत्सर काही त्याने गेला नाही. पुढच्या रविवारी ठाकूरद्वारची एक शिक्षिका यायची होती. मी तांदूळ निवडायला सूप घेऊन बाहेरच्या खोलीतच बसले.

"तिसरं माणूस समोर असलं की उत्तरं बदलतात गं," हे अवघडून म्हणाले.

"बदलू देत," मी म्हटलं, आणि खडे वेचत राहिले.