गाडी तिच्या नावावर

आमची विजेवरची गाडी बायकोच्या नावावर आहे. घेताना शोरूममधल्या मुलीने विचारलं, कुणाच्या नावावर करायची, आणि मी ऐटीत म्हणालो, "हिच्याच करा." ॲप मात्र माझ्या फोनवर उतरवलं, कारण असल्या गोष्टी आमच्या घरात मीच बघतो. त्यामुळे सकाळी ॲप उघडलं की ते मला बायकोच्या नावाने नमस्कार घालतं. आधी हसू यायचं, मग सवय झाली. हल्ली तो नमस्कार दिसला की मी फोन पालथा ठेवतो.

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होतो. आता निवृत्त होऊन नाशिक रोडला घरी असतो. निवृत्त माणसाला आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारावं असं फार वाटतं. घरातले विचारत नाहीत, कारण त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं. मला विचारायला आमच्या गाडीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मिळाला.

या गाडीचं एक वेगळंच आहे. ती दारात उभी असते आणि कंपनी कुठूनतरी हवेतूनच तिच्यात नवं सॉफ्टवेअर सोडते. गाडी तीच, रंग तोच, स्वभाव मात्र थोडा बदललेला. अपडेट आला की ग्रुपवर नुसती धांदल उडते. एक डॉक्टर "मला अजून आला नाही" असं दर वेळी लिहितात, लग्नाची पत्रिका चुकून राहिल्यासारखं. एक जण अमावास्येला अपडेट टाकत नाही. एकाची गाडी प्रत्येक अपडेटनंतर कमी पळायला लागते, आणि पुढच्या अपडेटपर्यंत तो कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसतो. या सगळ्यांना शांत करण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. कंपनीची इंग्रजी माहिती वाचायची, तिचा सोप्या मराठीत सारांश करायचा आणि चहा व्हायच्या आत ग्रुपवर टाकायचा. लोक मला सर म्हणायला लागले. माझी मान जरा ताठ झाली होती, हे कबूल करतो.

बायको गाडी शिकली ती याच गाडीवर, पन्नाशी ओलांडल्यावर. जुन्या गाडीवर मी तिला शिकवायला बसलो होतो, पण क्लच सोडता सोडता आमचं भांडण व्हायचं आणि गाडी बंद पडायची. या गाडीला क्लच नाही. शिवाय हिच्यात रीजन नावाची सोय आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटी वीज बनवते आणि गाडी आपोआप हळू होते. तो जोर कमीजास्त करता येतो. तिच्यासाठी आम्ही तो सगळ्यात जास्त ठेवला होता, म्हणजे ब्रेकला हात, नव्हे पाय, क्वचितच लावावा लागे. ती म्हणायची, "पाय उचलला की ऐकते बिचारी. या घरात ऐकणारं कुणीतरी आलं." हा टोमणा कुणाला होता ते सांगायला नको.

कॉलनीत, मग बाजारात, मग देवळाली कॅम्पापर्यंत ती चालवू लागली. तिच्या मनात मात्र एकच होतं. सायखेड्याला माहेरी स्वतः गाडी चालवत जायचं. तिच्या घरातली एकही बाई आजवर गाडी चालवत दारात आलेली नव्हती. बाया आल्या त्या कुणाच्या तरी मागे किंवा शेजारी बसून. राखीचा दिवस तिने ठरवला आणि भावाला फोन करून सांगितलं, "मी आणतेय गाडी." भावाने ते अर्ध्या गावाला सांगितलं.

राखीच्या सकाळी ॲपने बायकोच्या नावाने नमस्कार केला आणि विचारलं, नवं सॉफ्टवेअर टाकू का. मी हो म्हटलं. म्हणजे ॲपच्या लेखी तिनेच म्हटलं. ती आत नारळीभात करत होती. गाडीत सॉफ्टवेअर उतरत होतं तेवढ्यात मी माहिती वाचली आणि सारांश लिहिला. तो मला पाठ आहे. अपडेटनंतर रीजन आपोआप कमी पातळीवर येतो. पाय उचलल्यावर गाडी पूर्वीसारखी थांबणार नाही. सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा वाढवून घ्या. आणि शेवटची ओळ, तीही माझीच: घरात दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर त्यांना आवर्जून सांगा.

हात जोडलेले, अंगठे, फुलं धडाधड येऊ लागली. डॉक्टरांनी लिहिलं, "सर, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं." मी प्रत्येकाला उत्तर देत बसलो. सेटिंग तसंच राहिलं. बायको नवी साडी नेसून, किल्ली घेऊन उभी राहिली आणि मी फोन बघत बघत शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

रस्त्यात ती म्हणाली, "आज नीट ऐकत नाहीये गाडी." मी फोनमधून मान वर न करता म्हणालो, "तुझा पाय जड पडत असेल. टेन्शन घेऊ नकोस." तिने टेन्शन घेतलं नाही. ती ब्रेक वापरत, जपून, अगदी व्यवस्थित सायखेड्यापर्यंत आली. मला वाटतं, माझ्यावर विश्वास ठेवून आपलाच पाय चुकतोय असं मनाशी धरून आली.

मेव्हण्याच्या घराचं फाटक रस्त्यापासून जरा उताराला आहे. सगळं घर बाहेर उभं होतं, शेजारीही होते. मेव्हण्याची बायको भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात उभी होती, नणंदेवरून ओवाळून टाकायला. ही एवढी माणसं बघून हरखली, हसली आणि जुन्या सवयीने नुसता पाय उचलला. गाडीने ऐकलं नाही. उतारावरून तशीच पुढे गेली. मेव्हण्याच्या बायकोने तांब्या टाकून उडी मारली म्हणून वाचली. गाडी फाटकाच्या खांबावर जाऊन थांबली आणि डाव्या दिव्याची काच खाली पडली.

आणि मी सगळ्यांच्या देखत बोललो, "अगं, ब्रेक! ब्रेक नको का दाबायला?"

तोंड आधी बोललं, आठवण मागून आली. हातातला फोन तेव्हाही थरथरत होता, कुणीतरी माझ्या सारांशाला अंगठा दिला होता. कारखान्यात आमचा एक साधा नियम होता. ड्रॉइंगमध्ये बदल झाला की तो आधी मशीनवरच्या माणसाला सांगायचा, मग बाकीच्या जगाला. हा नियम मोडला म्हणून मी लोकांना उभं आडवं झापलेलं आहे. त्या फाटकात मला माझाच आवाज ऐकू आला आणि मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं ते तेव्हाच. नंतर प्रत्येक घासागणिक ते अवघड होत गेलं.

जेवताना चेष्टा सुरू झाली. "गाडी लय हुशार हाय म्हणे, आपोआप नवं शिकते," मेव्हणा म्हणाला. "गाडी अपडेट झाली, आमच्या ताईचं तेवढं राह्यलं." सगळे हसले. मीही हसलो. बायको खाली बघून सगळ्यांना भात वाढत होती. परत येताना गाडी मी चालवली.

दुसऱ्या दिवशी गुपचूप खाली जाऊन मी रीजन पुन्हा वाढवून ठेवला, चोराने पाऊल पुसावं तसा. गाडी परत ऐकायला लागली. बायको मात्र किल्लीला हात लावेना. "माझंच चुकलं. या वयात कशाला हौस," असं ती म्हणायची आणि भाजी आणायला चालत जायची. पिशव्या घेऊन येताना ती गाडीच्या बाजूने यायची, पण गाडीकडे बघायची नाही. मला ते गॅलरीतून दिसायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला कोरडा पाषाण म्हणजे मी, आणि एवढं कळूनही मी गॅलरीतच उभा राहायचो.

दिवाळीच्या तोंडावर पुढचा अपडेट आला. ॲपने तिच्या नावाने नमस्कार केला. ती समोरच करंज्यांचं सारण परतत होती. "काय म्हणतंय?" तिने सहज विचारलं. माझ्याने खोटं बोलवेना. राखीच्या सकाळपासूनचं सगळं सांगितलं, शेवटच्या ओळीसकट. तिने गॅस बंद केला. 

"ग्रुपवर कुणाकुणाला सांगितलं होतंत?"

"सगळ्यांना."

"मग सायखेड्यातही सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांना."

भाऊबीजेला गेलो. गाडी मीच चालवली. तिने भावाला ओवाळलं, पानं मांडली, सगळे बसले.  मी म्हटलं, "मला एक सांगायचंय. राखीला हिची काही चूक नव्हती. सकाळी गाडीत बदल झाला होता. ते मला ठाऊक होतं, जगाला सांगितलं आणि हिला सांगितलं नाही. रस्त्यात ती म्हणत होती, तरी ऐकलं नाही. दोष माझा आहे."

 मग मेव्हण्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "दाजी, राहू द्या आता. बायकोचा दोष आपल्या अंगावर घ्यायचा म्हंजे लय मोठं काळीज लागतं."

"अहो, अंगावर घेत नाहीये, खरंच सांगतोय." मी फोन काढला, ग्रुपवरचा मजकूर शोधायला लागलो. त्याने माझा हात धरून खाली केला.

"घरातल्या घरात पुरावे कशाला? आमाला का कळत नाय?"

त्याची बायको म्हणाली, "नशीबवान हायेत ताई. आमच्यात भाजीत मीठ जास्त झालं तरी गावभर होतं." आणि तिने माझ्या वाटीत आणखी बासुंदी वाढली. मी नको नको म्हणत होतो, ती त्यांना माझी नम्रताच वाटली. मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"खा," ती म्हणाली. "प्रेमाने वाढलीये."

मी खाल्ली. 

निघताना सगळे फाटकाशी आले. मी किल्ली तिच्या हातात दिली, सगळ्यांना दिसेल अशी. तिने घेतली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून बसली, पदर नीट केला, आरसा सारखा केला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात मेव्हणा पुढे झाला. त्याने आपली मोटरसायकल खांबापासून लांब नेऊन लावली आणि स्वतःच्या बायकोला हाताला धरून मागे ओढलं. "सरका, सरका, ताई निघाली," तो हसत म्हणाला. प्रेमानेच म्हणाला.

तिने स्टिअरिंगवर ठेवलेले हात काढले. मग उतरली, गाडीला पुढून वळसा घालून माझ्याजवळ आली आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"तुम्हीच चालवा," ती हळूच म्हणाली. "गाडी माझ्या नावावर आहे. नाव तुमचं झालं."