दुसरं काडतूस

झेलिहाला ज्याची भीती वाटत नाही अशी गोष्ट गावात शोधून सापडली नसती. कुत्र्याची भीती, विजेची भीती, नवरा ट्रॅक्टर घेऊन उतारावर गेला की ब्रेकची भीती. पण छर्‍याची बंदूक हातात आली की हीच बाई वेगळी. कोझ्लुदेरे हे बंदुका करणार्‍यांचं गाव. इथल्या पोरींना सुईत दोरा ओवण्याआधी बंदूक खोलता येते. कुणाच्या घरी नळ्या होतात, कुणाच्या घरी अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते, आणि झेलिहाच्या घरी सगळं जुळवून बंदूक चालती करायचं काम. लोक तिला झेलिहा उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणत. त्या गावात बाईला उस्ता म्हणवून घ्यायला किती वर्षं नाक घासावं लागतं ते तिचं तिला ठाऊक.

त्या हिवाळ्यात तिच्या जिवाला घोर लावला तो तिच्याच हातच्या बंदुकीने. नवरा रिफ्की बापाची जुनी दुनळी बंदूक खुंटीला टांगून, बायकोने जुळवलेली आपोआप भरणारी बंदूक घेऊन रानडुकरं हुसकावून मारायच्या हाक्याला जायला लागला होता. एक बार उडाला की खालच्या नळीतलं दुसरं काडतूस स्प्रिंगच्या जोराने मागे सरकतं, उचललं जातं आणि वरच्या नळीत जाऊन बसतं. बसायला हवं. लागोपाठ दोन हाक्यांत ते निम्मं बाहेर येऊन अडकलं. दोन्ही वेळा डुक्कर लांब होतं म्हणून निभावलं.

झेलिहाने काय करायचं बाकी ठेवलं? स्प्रिंग बदलली. काडतूस अडवून धरणारा पत्रा कानशीने घासला. उचलणीची पट्टी आरशासारखी गुळगुळीत केली. अंगणात, बर्फात उभं राहून बार काढले. बंदूक कुरकुरलीसुद्धा नाही. चालते म्हणावं तर रानात अडते, अडते म्हणावं तर घरी चालते. असल्या दुखण्याइतकं भीतीदायक दुखणं नाही. आणि पुरावा तरी कुठला हाती लागणार? डुक्कर म्हणजे हराम. हाक्याहून आलेलं काहीही धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. बूट नाही, सुरी नाही, बंदूक तर नाहीच. रिफ्की अंगणातच ती खोलायचा, रॉकेलने आतबाहेर धुवायचा आणि मगच बायकोपुढे ठेवायचा. रोगी न्हाऊनमाखून वैद्याकडे यावा तशी ती यायची.

"कशी अडकली, काहीतरी नीट सांग ना," हाक्याच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली.

"अडकली म्हणजे अडकली. तुझ्याच हातची आहे, मनात आलं की रुसते."

"आणि डुक्कर अंगावर आल्यावर रुसली म्हणजे?"

"मग दुसरा नवरा बघ. हे सातिल्मिश अमजा रिकामेच आहेत."

शेगडीपाशी चहा ओढत बसलेला म्हातारा सातिल्मिश, सगळ्या गावाचा काका, हाक्याचा म्होरक्या होता. "मला नको रे बाबा," तो म्हणाला. "हिच्या पिलाफ भाताला ग्रीसचा वास येतो."

दोघे हसले. झेलिहाला हसू आलं नाही. बंदुकीबद्दल शंका आली की ती ज्या घरात जुळवली, त्या घरच्या पुरुषाने पुढच्या हाक्याला ती घेऊन खिंडीच्या तोंडाशी उभं राहायचं, ही गावाची रीत. हुसकावलेली सगळी डुकरं तिथूनच सुटतात, आणि उद्या तिथे रिफ्की उभा राहणार होता.

"दुनळी घेऊन जा," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे उस्ताच्या नवर्‍याचा उस्तावर भरवसा नाही, असं पंचक्रोशीत होऊ दे?" रिफ्कीने विचारलं. "मग कोण घेईल गं तुझी बंदूक?"



सकाळी पुरुष निघून गेले. झेलिहा कामाच्या मेजाशी बसली, पण हातात धरलेला स्क्रू तीनदा खाली पडला. इतक्यात सासू, हाजेर आना, एक वाटी घेऊन आत आली. मेंढीच्या शेपटीची चरबी होती.

"शेगडीवर ठेव गं जरा," आना म्हणाली. "खिडकीत राहिली तर दगड झाली बघ."

"कशाला काढली होती, आना?"

"कशाला म्हणजे? बंदुकीला. मी तुझ्या सासर्‍याच्या दुनळीलाही लावायची, दुआ म्हणून. आज तर पोरगा खिंडीत उभा राहणार, म्हणून पुढची टोपी काढून खालच्या नळीतही चांगली दोन बोटं भरली. गेल्या दोन वेळेला एकेकच बोट लावलं होतं."

झेलिहाने वाटी उपडी केली. चरबी पडली नाही. वाटीला चिकटून राहिली, पांढरी, घट्ट. शेगडीच्या उबेत तेलासारखी वाहणारी ही चरबी वर डोंगरात, त्या थंडीत, नळीत स्प्रिंगला धरून बसणार होती. पहिला बार उडेल. दुसरं काडतूस सरकणार नाही. 

"काय झालं गं?" आनाने विचारलं.

झेलिहा तोवर खिंडीच्या वाटेला लागली होती.

हाका सुरू असताना खिंडीत कुणी पाऊल टाकत नाही. झुडूप हललं की बार निघतो. ही गोष्ट तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होती आणि तरी ती पळत होती. डोक्याचा लाल रुमाल काढून हातात फडकावत होती, रिफ्कीच्या नावाने ओरडत होती, पण खाली हाकेवाले डबे बडवत होते, कुत्री भुंकत होती. घशातून आवाज निघत होता की नाही तेही तिला कळेना. आपल्याच माणसाच्या गोळीने मरायची भीती वाटत होती. त्याहून मोठी भीती पुढे होती, म्हणून पाय थांबले नाहीत.

बार झाला.

ती उभी राहिली. दुसरा होऊ दे, अल्ला, दुसरा होऊ दे. डबे वाजत राहिले. दुसरा बार झाला नाही.

मग एक माणूस किंचाळला आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

ती पोचली तेव्हा बाजूच्या टपून बसायच्या जागेवरून आलेल्या सातिल्मिशने डुक्कर पाडलं होतं आणि तो रिफ्कीची सुळ्याने फाटलेली मांडी पट्ट्याने आवळत होता. बर्फ लाल झाला होता. शेजारी पडलेल्या बंदुकीतून काडतूस जीभ काढल्यासारखं निम्मं बाहेर आलं होतं.

रिफ्कीने तिच्याकडे पाहिलं. "तू नीट केली होतीस ना?" त्याने विचारलं. यात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून त्याला खाली आणलं. डॉक्टरची गाडी तालुक्याहून निघाली होती. जीव वाचेल, पाय कसा राहील ते नंतर कळणार होतं. अंगणात अर्धं गाव जमलं. हाजेर आनाने लेकाचं तोंड कुरवाळलं, गोधडी घातली आणि मग, हातांना काहीतरी काम हवं म्हणून, रॉकेलचा डबा आणि चिंधी घेऊन बंदुकीशी बसली. अडकलेलं काडतूस सातिल्मिशने आधीच काढून ठेवलं होतं.

"काय बिघडलं होतं, उस्ता?" कुणीतरी झेलिहाला विचारलं. यापुढे तिच्या हातची बंदूक कुणी घेणार का, हेच त्या प्रश्नात होतं.

झेलिहाने सासूकडे पाहिलं. म्हातारीचा एकुलता एक मुलगा ट्रॉलीत पडला होता. खरं कळलं तर ती जगेल का, याची तिला भीती वाटली. "स्प्रिंग," ती म्हणाली. "माझीच चूक."

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

आनाने तोवर नळीची टोपी काढली होती. चिंधी आत जाईना, म्हणून तिने बोट घातलं. बोट बाहेर आलं ते पांढर्‍या चरबीने माखून. ती गावातलीच बाई. समजून घ्यायला तिला उस्ताची गरज नव्हती.  डबा शेजारीच होता. बोट रॉकेलमध्ये बुडवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

"खोटं बोलते ही," आना म्हणाली. तिने हात सगळ्यांसमोर वर धरला. "माझी चरबी आहे ही. मी भरली. लेकाला मी मारत होते, आणि ही पोर माझं पाप आपल्या अंगावर घेतेय."

 झेलिहाने तिचा वर धरलेला हात खाली घेतला आणि आपल्या लाल रुमालाने बोट पुसायला लागली.